नाचणीला एक गुण, तांदळालाही एकच

आषाढातली दुपार होती. पोलादपूर तालुक्यातल्या आमच्या वाडीत प्रश्नावलीचे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मी पहिल्या घरात शिरले आणि तिथेच अडकले. घर माझ्या आजीच्या चुलतबहिणीचं, म्हणजे नात्याने माझी आजीच. वय विचारलं तर म्हणाली, "असंल सदुसष्ट." मी पेन खाली ठेवलं. माझ्या हातातली प्रश्नावली १५ ते ४९ वयाच्या बायकांसाठी होती. घरात दुसरं कोण? मुलगा-सून नालासोपाऱ्याला, नातवंडं तिथल्याच शाळेत. शेजारच्या घरात म्हातारा-म्हातारी. त्याच्या पलीकडच्या घराला कुलूप.

"काय गो, लिव्हत का नाहीस?" आजीने विचारलं. काय सांगणार? जी बाई खाचरात लावणी करते, परड्यात पडवळ चढवते, टाकळा खुडून आणते, रांधते आणि वर मुंबईच्या गाडीत लेकासाठी पिठाची पिशवी ठेवायला लावते, ती माझ्या अभ्यासात बसत नव्हती.

माझा विषय कोणी विचारला की मी सांगते: महाड-पोलादपूरकडच्या घरांत ताटात जे येतं ते कुठून येतं आणि त्याने माणसं कितपत धडधाकट राहतात. त्यावर "अच्छा, ऑरगॅनिक!" अशी दाद येते. मी सोडून देते. पण या विषयावरचे शोधनिबंध वाचायला घेतले की पहिल्या-दुसऱ्या परिच्छेदात एक विधान हमखास भेटतं. स्थानिक अन्नव्यवस्था समाजाचं भलं करते आणि पर्यावरणही राखते, असं ते विधान. माझ्या स्वतःच्या प्रस्तावातही ते आहे, दोनदा. आज त्या विधानाची, आणि ते ज्या पट्टीने मोजतात त्या पट्टीची, जरा उलटतपासणी करायची आहे. विधान खोटं आहे असं मला म्हणायचं नाही. ते अर्धवट आहे, आणि उरलेला अर्धा भाग कुठे सांडतो ते महाड-पोलादपूरला फार स्पष्ट दिसतं.

आधी पट्टी. तिचं नाव लांबलचक आहे: स्त्रियांसाठीची किमान आहारविविधता. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने, म्हणजे एफएओने, २०१६ साली तिची मार्गदर्शिका काढली. काम सोपं आहे. काल दिवसभरात आणि रात्री काय काय खाल्लं ते विचारायचं. खाण्याचे १० गट ठरलेले आहेत. धान्यं आणि कंद हा एक, कडधान्यं दुसरा, मग दाणे-बिया, दूध, मांस-मासळी, अंडी, गडद हिरव्या पालेभाज्या, अ जीवनसत्त्व भरपूर असलेली बाकीची फळं-भाज्या, इतर भाज्या, इतर फळं. ज्या गटातलं निदान १५ ग्रॅम, म्हणजे मोठा चमचाभर, पोटात गेलं त्याला एक गुण. ५ किंवा त्याहून जास्त गुण मिळाले तर त्या बाईच्या आहारात किमान विविधता आहे असं धरायचं. खरं तर एकेका बाईला पास-नापास करण्यासाठी ही पट्टी नाहीच. एखाद्या भागातल्या किती टक्के बायका ५च्या वर जातात, त्यावरून त्या भागाचा अंदाज घ्यायचा.

पट्टी वाईट नाही, हे आधी सांगते. रक्त काढावं लागत नाही, वजनकाटा लागत नाही, दहा-पंधरा मिनिटांत एक घर होतं. शिवाय महाडचे आकडे मलावीच्या आकड्यांशेजारी ठेवता येतात. वयाची अटही कोणी तिरसटपणाने घातलेली नाही. गरोदरपण, बाळंतपण, दूध पाजणं या काळात सूक्ष्म पोषकद्रव्यांची गरज वाढते, म्हणून लक्ष त्या वयावर आहे. पण कोकणातल्या गावात हे वय नेमकं गैरहजर असतं. आमच्याकडे पुरुष मुंबईला गेले त्याला शंभर वर्षं झाली, आधी गिरणीत, मग गोदीत, मग जिथे मिळेल तिथे. शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्यात २०११च्या जनगणनेत हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. ती जुन्या मनिऑर्डरच्या व्यवस्थेची खूण आहे. आता तरुण बायकाही गेल्या. गावातलं अन्न पिकवणारे आणि रांधणारे हात साठीच्या पुढचे आहेत, आणि पट्टी पन्नाशीला संपते.

तरी मी हट्टाने आजीचा कागद भरला, एका कोपऱ्यात "नमुन्याबाहेर" असं लिहून. तिने आदल्या दिवशी खाल्लं होतं ते असं: सकाळी कोरा चहा. दुपारी नाचणीची भाकरी, टाकळ्याची भाजी, जवळ्याची चटणी. रात्री रेशनच्या तांदळाचा भात आणि कुळथाचं पिठलं. आता गुण मोजा. भाकरी आणि भात मिळून एक, कुळीथ एक, टाकळा एक. तीन. आजी नापास.

जवळ्याचं काय? चटणीत तो चिमूटभर असतो, पंधरा ग्रॅम भरत नाही, आणि चवीपुरती घातलेली मासळीची पूड ही मार्गदर्शिकेनुसार मसाल्यात जमा होते. गुण नाही. पाणी निघून गेल्यामुळे सुक्या मासळीत ओल्या मासळीच्या कितीतरी पट प्रथिनं आणि खनिजं एकवटलेली असतात, आणि जवळा तर सालासकट, डोक्यासकट पोटात जातो. चिमूट रोजची असते. ती वर्षभर पोटात जाते आणि कागदावर कधीच येत नाही. मला हा फक्त हिशेबाचा घोळ वाटत नाही. आमच्याकडे गरिबाच्या ताटात मासळी येते ती याच रूपात.

पण माझी मुख्य तक्रार वरच्या पहिल्या गुणाबद्दल आहे. भाकरी आणि भात मिळून एक.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नपदार्थांची कोष्टकं प्रसिद्ध केली. माझ्या टेबलावर ती कायम उघडी असतात. त्यात १०० ग्रॅम नाचणीत ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम आहे. पॉलिश केलेल्या तांदळात साधारण साडेसात. लोह नाचणीत ४.६ मिलिग्रॅम, तांदळात ०.६५. तंतू नाचणीत ११ ग्रॅम, तांदळात तीनाच्या आत. प्रौढ बाईला दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं असं आपल्याकडच्या शिफारशी सांगतात. दोन मोठ्या भाकऱ्यांना शंभर ग्रॅम पीठ धरलं तर गरजेचा तिसरा हिस्सा तिथेच येतो. (सगळं अंगी लागत नाही, हेही खरं. नाचणीतलं फायटेट कॅल्शियम आणि लोहाला धरून ठेवतं. मोड आणले किंवा आंबवलं की ते कमी होतं. आंबील म्हणजे दुसरं काय असतं?) तर हा एवढा फरक, आणि पट्टीवर दोघांना मिळून एक गुण. उद्या आजीने नाचणी पूर्ण सोडली आणि दोन्ही वेळा भातच खाल्ला तर तिचे गुण कमी होणार नाहीत. तीनच राहतील. माझ्या आलेखात काहीही घडलेलं दिसणार नाही.

आणि ते घडतंय. म्हणून मी एवढं लावून धरते आहे.

नाचणी पिकते वरकस जमिनीवर, म्हणजे डोंगराच्या उतारावर. तिथे खाचर बांधता येत नाही, पाणी थांबत नाही. जुनी पद्धत अशी की पहिल्या वर्षी नाचणी, नंतर वरी, नंतर कारळे, आणि मग जमीन काही वर्षं सोडून द्यायची. उताराला लावणी हातानेच. बेणणी हातानेच, तीही धो धो पावसात. कणसं एकदम पिकत नाहीत, म्हणून खुडायला पुन्हा पुन्हा जायचं. मग वाळवायची, झोडायची, पाखडायची. भाताला निदान गिरणी आहे, मशीन आलंय. नाचणीला अजून बाईचे खांदेच लागतात. त्यात रानडुकरं आणि वानरं. शेजारच्या चार जणांनी लावली तर राखण वाटून घेता येते, पण चारातल्या तिघांनी सोडली की चौथ्याचं एकट्याचं पीक डुकरांना ताटात वाढल्यासारखं होतं. उतारावरचं पीक हे एकट्याने घ्यायचं पीकच नाही. एका घराचं दार बंद झालं की त्याचा फटका शेजारच्या घराच्या नाचणीला बसतो. "कुटुंबाचा आहार" विचारणाऱ्या प्रश्नावलीत हे कसं दिसणार?

दुसऱ्या बाजूने रेशन. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यात तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये आणि भरडधान्य १ रुपया किलो असे दर लिहिलेले होते. जानेवारी २०२३पासून धान्य फुकट मिळतं. कायद्यात भरडधान्य आहे, आमच्या वाडीच्या दुकानात ते मी कधी पाहिलेलं नाही. तिथे तांदूळ आणि गहू. कर्नाटकात काही जिल्ह्यांत नाचणी रेशनवर देतात, म्हणजे हे होऊ शकत नाही असं नाही. मध्यंतरी तांदळात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ घातलेले दाणे मिसळायचे, शंभर दाण्यांत एक या हिशेबाने. आजी सुपात तांदूळ घेऊन ते दाणे एकेक वेचून बाहेर टाकायची, कारण ते "पलास्टिकचं" असतात असं तिला कोणीतरी सांगितलं होतं. मी समजावलं, ती हसली आणि वेचत राहिली. कॅल्शियम मात्र त्या दाण्यांतही नव्हतं.

रेशनला नावं ठेवणाऱ्यांतली मी नाही. आजीच्या लहानपणी भाद्रपदात कणगी रिकामी असायची. नवं भात यायला अजून महिना-दीड महिना. त्या दिवसांत ती काय खायची याची यादी ती सांगते तेव्हा त्यात धान्य नसतं, कंद आणि पाला असतो. मोठ्या शहरांत बसून "पूर्वी लोक किती पौष्टिक खात" असं लिहिणाऱ्यांनी ही यादी एकदा ऐकावी. आज तो रिकामा महिना गेला, तो बाहेरून आलेल्या तांदळाने गेला. स्थानिक नसलेल्या अन्नाने.

२०२३ हे संयुक्त राष्ट्रांचं भरडधान्य वर्ष होतं, आठवत असेल. त्याच सुमारास नाचणीला चांगले पैसे मिळू लागले म्हणून आजीने घरातल्या आठ पायलीतली सहा पायली महाडला विकायला पाठवली. केंद्राने २०२५-२६ साठी नाचणीचा हमीभाव क्विंटलला ४८८६ रुपये ठेवलाय, साध्या भाताचा २३६९. दुपटीहून जास्त. पण वाडीत क्विंटलात बोलण्याइतकी नाचणी कोणाकडे आहे? पायलीचा माल, मधल्या माणसाचा भाव. आलेल्या पैशांतून तिने गुडघेदुखीच्या गोळ्या आणि मच्छरदाणी आणली. त्या वर्षी तिने नाचणी फक्त पावसाळ्यापुरती खाल्ली. शहरात तीच नाचणी बिस्किटाच्या पुड्यात "पारंपरिक" म्हणून गेली असेल. आजीचे गुण? तीन.

बरं, पट्टी बाजूला ठेवू आणि दुसऱ्या शब्दाकडे वळू: स्थानिक. हा शब्द बहुतेक ठिकाणी किलोमीटरमध्ये मोजतात. १९९४मध्ये ब्रिटनमध्ये टिम लँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी "फूड माइल्स" ही कल्पना पुढे आणली: अन्न शेतापासून ताटापर्यंत किती अंतर चालून आलं ते मोजा. कल्पना लगेच डोक्यात बसते, म्हणूनच ती पसरली. मग २००८मध्ये वेबर आणि मॅथ्यूज यांनी अमेरिकेतल्या अन्नाचा पूर्ण हिशेब मांडला. अन्नामुळे होणाऱ्या हरितगृह वायूंच्या उत्सर्जनात सगळ्या वाहतुकीचा वाटा होता ११ टक्के, आणि शेवटच्या टप्प्याचा, उत्पादकापासून दुकानापर्यंतचा, जेमतेम ४ टक्के. बाकी बहुतेक सगळं शेतात आणि गोठ्यातच होऊन गेलेलं. किती लांबून आलं यापेक्षा काय पिकवलं आणि कसं, हे जास्त वजनाचं निघालं.

हे आकडे अमेरिकेतले आहेत, महाडला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण दिशा इथेही लागू होते. पाणी साचलेल्या भातखाचरात चिखलातला प्राणवायू संपतो, तिथले सूक्ष्मजीव मिथेन तयार करतात. म्हणजे आमच्या अंगणासमोरचा, शून्य किलोमीटर चाललेला तांदूळही वायूच्या हिशेबात शून्य नाही. त्याच अंगणामागच्या उतारावरची नाचणी पाण्यात उभी नसते, तिला हा प्रश्न येत नाही. दोन्ही धान्यं तितकीच स्थानिक. फडताळात शेजारी शेजारी. आणि राब? उन्हाळ्यात झाडांच्या फांद्या तोडून, पाला-शेण पसरून रोपाची जागा भाजायची. तणाचं बी जळतं, राख मिळते, रोप उपटायला हलकं जातं. पिढ्यांच्या अनुभवातून आलेली रीत आहे. पण दरवर्षी छाटल्या जाणाऱ्या ऐनाला कोणी विचारलेलं नाही.

शिवाय महाडचं "स्थानिक" म्हणजे नक्की कुठपर्यंत? सावित्रीतून भरतीबरोबर बाणकोटकडून गलबतं वर यायची आणि इथून माल वरंध्याच्या वाटेने घाटावर चढायचा, असं हे पूर्वीपासूनचं व्यापारी गाव. मीठ आणि सुकी मासळी किनाऱ्यावरून वर, घाटावरचा माल खाली. आजीच्या चटणीतला जवळा श्रीवर्धन-हर्णैकडचा. तो चाळीस-पन्नास किलोमीटरच्या वर्तुळात बसतो की नाही यावर वाद घालण्यात मला रस नाही. तो नसेल तर चटणीत काय उरतं, हा प्रश्न जास्त कामाचा आहे.

२००६मध्ये ब्रॅंडन बॉर्न आणि मार्क पर्सेल या दोघांनी नियोजनशास्त्राच्या एका नियतकालिकात "स्थानिकतेचा सापळा" अशा अर्थाच्या शीर्षकाचा लेख लिहिला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की, लहान पातळीवरची व्यवस्था आपोआप न्यायी, आपोआप टिकाऊ असते हे गृहीतक चूक आहे. स्थानिक व्यवस्था कोण चालवतं आणि कशासाठी, त्यावर सगळं ठरतं. अन्नावरच्या लेखनात हा लेख खूप उद्धृत होतो. उद्धृत करून झालं की लोक पुन्हा किलोमीटर मोजायला लागतात, हा भाग वेगळा.

मला हा लेख वाचताना पहिल्यांदा महाड आठवलं, आणि अमेरिकेतल्या नियोजनकारांच्या आधी हे आमच्या तालुक्याच्या गावाला माहीत होतं असं वाटलं. चवदार तळं गावाच्या मधोमध आहे. नगरपालिकेने १९२४मध्येच ठराव करून ते सर्वांना खुलं केलं होतं. ठराव कागदावर राहिला. मार्च १९२७मध्ये डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली महाडला परिषद भरली तेव्हा जमलेल्या लोकांसाठी पिण्याचं पाणी ४० रुपये देऊन विकत घ्यावं लागलं. तळ्याच्या गावात, पाणी विकत. २० मार्चला सगळे तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्यानंतर मंडपावर हल्ला झाला, आणि तेव्हा काही लोक जेवत होते. त्यांचं अन्न मातीत मिसळलं गेलं. तळं न्यायालयात गेलं, आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल लागायला मार्च १९३७ उजाडला. दहा वर्षं. त्या तळ्यातल्या पाण्याचा प्रवास मोजायचा तर काही पावलं भरेल. इतकं स्थानिक दुसरं काय असणार?

हा इतिहास इथे मी उगाच ओढून आणलेला नाही. अन्नाचंही तसंच होतं. खोती होती तेव्हा उतारावर कोणी काय लावायचं आणि त्यातला किती वाटा वाड्यावर पोचवायचा हे खोत ठरवायचा. धान्य गावातच पिकायचं, गावातच साठायचं, फक्त दुसऱ्याच्या कणगीत. १९४९च्या कायद्याने खोती गेली. तरी आजही झऱ्यावर, राखीव रानात, गावच्या डोहात कोण जाऊ शकतं हे सगळ्यांना सारखं लागू नाही. पहिल्या पावसात चढणीचे मासे ओढ्यातून खाचरांत चढतात तेव्हा ते कोणाच्या खाचरात चढले यावरून भांडणं होतात. रानभाज्या सगळ्यात जास्त ओळखतात त्या कातकरी बायका. शेवळं कधी उगवतात, त्याची खाज मोडायला काकडाची फळं कुठून आणायची, कुडाच्या शेंगा किती कोवळ्या घ्यायच्या हे त्यांना विचारावं. त्यातल्या बहुतेकींच्या नावावर सातबारा नाही, दिवाळीनंतर घरं बंद करून वीटभट्टीवर किंवा कोळसा पाडायला जायचं. मे महिन्यात सर्वेक्षण करा, त्या वस्तीवर कोणी भेटणार नाही. आषाढात करा, पालेभाजी आणि खेकड्यांमुळे गुण चांगले येतील. आदल्या दिवसाचंच विचारणाऱ्या पट्टीत वर्षाची गोष्ट मावत नाही. आणि सावित्रीतल्या मासळीबद्दल तर मी इथे सुरुवातच करत नाही. नदीकाठी रासायनिक कारखान्यांची वसाहत आहे आणि खाडीतले कोळी काय सांगतात ते महाडात कोणालाही विचारा.

आता माझ्याच बोलण्याच्या विरुद्ध जाणारी एक गोष्ट. २२ जुलै २०२१ला महाड पाण्याखाली गेलं. त्याच संध्याकाळी तळीयेवर दरड कोसळली, ऐंशीहून अधिक माणसं गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर-सुतारवाडीलाही तेच. माझी मावशी महाडच्या बाजारपेठेत पहिल्या मजल्यावर राहते. खाली तिच्या दिरांचं किराणा दुकान होतं, ते गेलं. वीज नाही, फोन नाही, रस्ते बंद. पाणी उतरल्यावर तिच्या दारात पहिलं अन्न आलं ते वरच्या अंगाच्या एका वाडीतून, फडक्यात बांधलेल्या तांदळाच्या भाकऱ्या आणि लसणाची चटणी. देणारा माणूस दर शनिवारी तिच्याकडे काकड्या विकायला यायचा. त्याने मावशीचं दार शोधलं, कारण त्याला ते दार माहीत होतं. हे कोणत्याही पुरवठासाखळीत लिहिलेलं नसतं. स्थानिक अन्नव्यवस्थेने माणसांचं भलं होतं, हे विधान मी कधी डोळे मिटून मान्य करत असेन तर त्या भाकऱ्यांमुळे.

पण भाकऱ्या दोन दिवस पुरल्या. त्या वाडीचीही खाचरं गाळाने भरली होती. पुढचे दोन महिने मावशीचं घर चाललं ते पुणे, सातारा, मुंबईहून आलेल्या ट्रकांमधल्या तांदूळ-डाळीवर. दोन्ही लागलं. मावशीला यातलं श्रेष्ठ कोणतं असं विचारायची माझी हिंमत झाली नाही. विचारलं असतं तर तिने मला चिखल काढायला फावडं दिलं असतं.

हे सगळं घेऊन मी माझ्या गाइडकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, पट्टी बदलायची नाही. तू तुझे नियम घातलेस तर तुझे आकडे कोणाच्या शेजारी ठेवणार? नाचणीला दोन गुण दिलेस तर उद्या कोणी बाजरीला दीड मागेल. त्यांचं म्हणणं मला पटलं, थोडं रागाने का होईना. मोजमापाला शिस्त लागते. मग आमचं असं ठरलं की मूळ प्रश्नावली जशीच्या तशी राहील आणि तिला दुसरा एक कागद जोडला जाईल. त्यावर चारच प्रश्न. धान्य कोणतं, नाव सांगा. हे कोणत्या महिन्यात मिळत नाही? हे आणायला आणि करायला कोणाचे हात लागले, त्यांचं वय काय? आणि हे जिथून आणलं तिथे जायला कोणाला विचारावं लागतं?

तिसऱ्या प्रश्नामुळे आजी अभ्यासात आली. नमुन्यात नाही, पण तिची सून गणपतीला आली तेव्हा सुनेच्या कागदावर हात म्हणून आजीचं वय लिहिलं गेलं. तिला ते सांगितलं तर म्हणाली, "मंग इतकी वर्सं काय करत होते मी?"

चौथा प्रश्न मला सोपा वाटला होता. महाड तालुक्यातल्या एका कातकरी वस्तीवर तो विचारला. बाई माझ्याच वयाची, अठ्ठावीस-एकोणतीसची, कडेवर पोर. तिच्या कागदावर सहा गुण झाले होते, म्हणजे चांगलेच: भात, खेकडे, भारंगीची भाजी, कंटोली, चवळी, पिकलेलं केळं. खेकडे कुठून आणलेस? ओढ्यातून, बांधाखालच्या. तिथे जायला कोणाला विचारावं लागतं?

तिने पोराला दुसऱ्या कडेवर घेतलं. "इचारलं तर देतील काय?"

मी ते उत्तर तसंच्या तसं लिहून घेतलं. त्या प्रश्नापुढच्या रकान्यात मी आधीच दोन पर्याय छापून आणले होते, "हो" आणि "नाही". कशावर खूण करायची ते अजून ठरलेलं नाही.